शेपटीपर्यंत निळा

किंगस्नेकची दोन पिल्लं एका डब्यात ठेवायची नसतात. ठेवली तर सकाळी एकच उरतं, आणि ते जरा जाड दिसतं. बोरस्त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला विलास बोरस्ते हे याच शब्दांत सांगायचे. ऐकणारा हसायचा. मग भिंतीला लावलेल्या मांडण्यांवरचे, झाकणाला भोकं पाडलेले शेकडो डबे त्याच्या नजरेला पडायचे, आणि तो हात खिशात घालायचा.

निफाडजवळच्या या इमारतीत पूर्वी परदेशी जाणारी द्राक्षं थंड करायचे. पुढे द्राक्षांचे ते दिवस राहिले नाहीत, आणि त्याच सुमारास परदेशी सापांच्या पैदाशीचे परवाने मिळू लागले. किंगस्नेकला विष नसतं, खायला आठवड्याला एक उंदीर पुरतो, पण हिवाळ्यात चांगली थंडी खाऊन झोपल्याशिवाय नर-मादी एकमेकांकडे बघत नाहीत. थंडी निफाडात फुकट मिळते. विलासनी बागेतली शेवटची वेल काढली आणि द्राक्षांच्या क्रेटच्या जागी सापांचे डबे मांडले. भाषा मात्र बागेचीच राहिली. पिवळा रंग हरवलेला साप, लाल डोळ्यांचा पांढरा साप, फिक्या जांभळ्या कड्यांचा साप, हे सगळे त्यांच्या लेखी 'वाण' होते. मोठी अंडी घालणारी मादी 'चांगली धरते' आणि लहान अंडी घालणारी 'छाटायला हवी'.

त्या दुपारी त्यांची मुलगी ऋजुता पिल्लं हाताळायला बसली होती. साध्या वाणाची, पहिली कात टाकलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, काळ्या अंगावर पांढरी कडी असलेली पिल्लं. त्यांच्याकडे हात वरून न्यायचा नाही, कारण वरून येतो तो पक्षी. बाजूनं, डब्याच्या तळाला टेकवून न्यायचा. उचलल्यावर धरून ठेवायचं नाही, एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकू द्यायचं. पिल्लू शेपटी थरथरवतं, चावतं, आणि काहीच चाललं नाही तर असलं घाण पाणी सोडतं की साबणानं दोनदा हात धुऊनही जेवताना वास येतो. चावलं तरी हात झटकायचा नाही. रोज थोडा वेळ असं केलं की काही दिवसांत त्याला पटतं, हे जे ऊन ऊन आहे ते आपल्याला खाणार नाही.

फोन वाजला तेव्हा तिच्या हातावर एक पिल्लू होतं. तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"ताई, मी निशिगंधा. कळवणहून. आईच्या कपड्यांबद्दल बोललो होतो आपण."

"हो, बोल ना."

"ताई, वहिनीनं सगळं धुतलं." तिला रडू फुटलं. "मी बँकेत गेले होते तेवढ्यात. गाऊन, अभ्रा, स्वेटर. तिला वाटलं मला मदत करतेय. आता काहीच नाही का होणार?"

"रडू नकोस. आधी शोध. न धुतलेलं काहीतरी घरात राहतंच. घड्याळाचा पट्टा, चष्म्याची दोरी, चपला. आणि सापडलं की उघडं ठेवू नकोस. पिशवीत घालून तोंड बांध आणि मला फोन कर."

"तुमच्या आईचं तरी मिळालं होतं वेळेवर," निशिगंधा म्हणाली. "नशीब लागतं."

बाहेर ओट्यावर मंगलआत्या मेथी निवडत बसली होती. ती ऋजुताची सख्खी आत्या, गावातच राहायची आणि रोज दुपारी यायची. पण सापांच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. बोलणं मात्र आत टाकायची.

"कोण गं रडत होतं?"

"एक मुलगी. आई गेली तिची. कपडे धुतले गेले म्हणून."

"धुणारच! सुतकातले कपडे धुवायचे नाहीत तर काय देव्हाऱ्यात मांडायचे? आजकालच्या पोरींचं मला काही कळत नाही." आत्यानं मेथीची एक जुडी सोडली. "तुझ्या आईचे नाही का मीच धुतले? सगळे. गाऊन, परकर, अभ्रे. ती जांभळी गोधडी मशिनीत मावेना तर मोरीत पायांनी तुडवली. कंबर गेली माझी. तरी झालाच ना तुमचा साप निळा?"

ऋजुतानं मान वर केली. पिल्लू तिच्या मनगटावर थांबलं होतं.

"कधी धुतलेस?" तिनं विचारलं.

"तू यायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, पोरगी एवढ्या लांबून येणार, घर स्वच्छ तरी दिसू दे."

पिल्लानं अंगठ्याच्या बेचक्यात दात रोवले. ऋजुतानं हात हलवला नाही.

*

ऋजुताचं सगळं आयुष्य एका सापावर उभं होतं, असं कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती, पण नाही म्हणाली नसती.

तो साप ज्या वाणाचा होता त्याला 'निळाई' म्हणतात. बेंगळुरूच्या ज्या प्रयोगशाळेत तो घडला तिथं ऋजुता काम करत होती. रंग बदलणाऱ्या सरड्याच्या कातडीत निळा रंग नसतोच. तिथं अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. सरडा निवांत असला की हे स्फटिक एकमेकांजवळ येतात आणि उजेडातला निळा तेवढा परत पाठवतात. घाबरला, चिडला की ते लांब होतात आणि निळा जातो. ती घडण ठरवणारी जनुकं त्यांच्या गटानं किंगस्नेकमध्ये उतरवली. साप निवांत झाला की त्याची पांढरी कडी निळी व्हायची, गळ्यापासून सुरू होऊन एकेक करत शेपटीकडे.

पण साप निवांत कधी होतो? साप जिभेनं हवेतला वास टिपतो आणि टाळूतल्या एका लहानशा इंद्रियाला नेऊन लावतो. पहिल्या कातेपासून दुसऱ्या कातेपर्यंतच्या दिवसांत त्याच्या डब्यात जो वास असतो तो त्याच्या मेंदूत 'घर' म्हणून कायमचा बसतो. त्या दिवसांत डब्यात एखाद्या माणसाचं अंगावर वापरलेलं, न धुतलेलं कापड ठेवलं, तर पुढे आयुष्यभर तो साप त्या माणसाच्या हातात निळा होतो. दुसऱ्या कुणाच्या हातात काळा-पांढराच राहतो. शहरातल्या लोकांना हे फार आवडलं. मालकाला ओळखणारा साप त्यांनी आधी पाहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ऋजुता व्हिएन्नाला एका परिषदेत होती. ज्योत्स्ना बोरस्ते पिंपळगावच्या शाळेत गणित शिकवायच्या. वर्गातच छातीत दुखलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. ऋजुता पोचेपर्यंत अस्थीसुद्धा गोदावरीत गेल्या होत्या. विमानतळावरून तिनं वडिलांना एकच गोष्ट सांगितली होती, की पप्पा, आईचं काही धुऊ नका. काय करायचं हे तेव्हा तिला नीट ठाऊकही नव्हतं. फक्त कुठलातरी वास शिल्लक राहायला हवा होता.

घरी आल्यावर दोन दिवसांनी विलासनी तिला एक बंद पाकीट दाखवलं. "तिचा अभ्रा आहे," ते म्हणाले. "उघडू नकोस. वास उडून जाईल."

पुढच्या महिन्यात, प्रयोगशाळेनं विलासकडे पैदाशीला दिलेल्या निळाईची पहिली अंडी फुटली. एका मादी पिल्लाच्या डब्यात विलासनी ते कापड ठेवलं, डब्यावर 'ज्योत्स्ना' अशी पट्टी चिकटवली. दुसरी कात पडली, आणि त्यांनी ऋजुताला बोलावलं. तिनं हात पुढे केला. पिल्लानं जीभ काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मग गळ्याजवळचं पहिलं कडं निळं झालं, मग दुसरं, आणि बघता बघता शेपटीच्या टोकापर्यंत सगळं पिल्लू निळं होऊन तिच्या बोटांत पडून राहिलं.

"तुझ्यात तिचा वास आहे," विलास म्हणाले होते.

त्यात अशक्य असं काही नव्हतं. माणसाच्या अंगाचा वास थोडा त्याच्या जनुकांवर ठरतो, आणि जनुकं अर्धी आईकडून येतात. ऋजुता परत बेंगळुरूला गेली नाही. तिची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली, पुढच्या निबंधांवर दुसऱ्यांची नावं आली. ती निफाडातच राहिली आणि ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांच्यासाठी साप वाढवू लागली. न धुतलेलं कापड आणा, पिल्लू त्यावर वाढेल, आणि तुम्ही हातात घ्याल तेव्हा तुमच्यातलं ते माणूस त्याला ओळखू येईल. लोक त्यांना 'आठवणीचे साप' म्हणायचे. कुणाचा साप गळ्याशी दोन कडी निळा व्हायचा, कुणाचा अर्ध्या अंगापर्यंत. काहींचा होतच नसे. अर्ध्याच्या पलीकडे कुणाचाच गेला नव्हता. लोक कारण विचारायचे तेव्हा ऋजुता आईचा साप बाहेर काढायची, तो तिच्या हातावर शेपटीपर्यंत निळा व्हायचा, आणि ती म्हणायची, "मीच पुरावा आहे."

आपलाच साप तेवढा पूर्ण निळा का होतो, याचं उत्तर तिच्याकडे होतं. आई आणि ती फार जवळ होत्या.

*

विलास अंड्यांच्या खोलीत होते. सापाची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नसतात. आतला जीव एका बाजूला चिकटलेला असतो, उलटला तर मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला ते पेन्सिलनं एक ठिपका काढत होते.

"पप्पा, त्या पाकिटात काय होतं?"

कुठलं पाकीट, असं त्यांनी विचारलं नाही. हातातल्या अंड्यावर ठिपका काढला, पेन्सिल कानामागे खोचली.

"मंगल बोलली?"

"मेथी निवडत होती. काय बोलली ते तिला कळलंही नाही."

"मी इथंच होतो तेव्हा," ते म्हणाले. "अंडी बघत होतो. घरात बसवत नव्हतं. वर गेलो तर दोरीवर सगळं वाळत पडलेलं. गोधडीतून पाणी गळत होतं. तू एकच गोष्ट सांगितली होतीस."

"मग तेच सांगायचं होतं ना."

"तू दारात आलीस आणि बॅग खाली ठेवायच्या आत तेच विचारलंस. मला म्हणालीस, ठेवलंय ना? तुझा चेहरा... मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर काहीतरी दाखवायला लागणार होतं."

"कुणाचा होता तो अभ्रा?"

"तुझा. आल्या रात्रीपासून तू ज्या उशीवर झोपत होतीस तिचा."

खोलीतला पंखा चालू-बंद होत राहिला. ऋजुताला वाटलं होतं आपण ओरडू. आवाज मात्र वर्गात शंका विचारल्यासारखा आला.

"म्हणजे तो मलाच ओळखत होता. मी मलाच हातात घेऊन रडत होते."

"तो निळा झाला त्या दिवशी तू किती दिवसांनी नीट जेवलीस."

"मी नोकरी सोडली, पप्पा."

"मी तुला थांब म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंत. सापाकडून म्हणवून घेतलंत."

विलासनी उपड्या क्रेटवर बसून घेतलं. "बरं वाटत होतं गं," ते हळू म्हणाले. "घरात कुणीतरी होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू पाटी लावलीस, लोक यायला लागले. मग सांगायला जागाच राहिली नाही."

"मी लोकांना सांगत होते, मीच पुरावा आहे. आणि तुम्ही मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभे असायचात."

"काहींचे झालेच की निळे."

"अर्धे."

"अर्धे तर अर्धे. त्यांना पुरलं तेवढं."

"माझा शेपटीपर्यंत व्हायचा. सगळ्यांचे अर्धे, माझा एकटीचा पूर्ण. कुणा विद्यार्थ्यानं असे आकडे आणले असते तर मी त्याला विचारलं असतं, हा एकच वेगळा का?"

"मला रोज वाटायचं, आज तुझ्या लक्षात येईल," विलास म्हणाले. "तू एवढी शिकलेली. कधीकधी वाटायचं, आलं असेल, आणि तूसुद्धा बोलत नाहीस."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी फसवलं, आणि वर त्यात तिलाही सामील धरलं होतं.

*

न धुतलेलं काहीतरी घरात राहतंच. निशिगंधाला आपणच सांगितलेलं वाक्य तिला दुसऱ्या दिवशी आठवलं.

आई शाळेत स्कूटरनं जायची. तिचं मरून रंगाचं हेल्मेट शेडमध्ये स्कूटरच्या मागे खिळ्याला लटकत होतं. शेजारी विलासचं जुनं काळं हेल्मेट होतं, त्याच्या काचेवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ऋजुतानं मरून हेल्मेट उतरवलं. त्यावर धूळ नव्हती. आतलं अस्तर घामानं काळवंडलेलं, कपाळाच्या जागी चपटं झालेलं. हेल्मेटचं अस्तर कुणी धूत नाही, मंगलआत्यासुद्धा नाही.

तिनं त्यात तोंड घातलं नाही. फार इच्छा झाली, पण आपला श्वास त्यात जाईल म्हणून नाही घातलं. अस्तराचा एक तुकडा कापला आणि 'ज्योत्स्ना' पट्टीच्या डब्यापाशी गेली.

साप आता चांगला दोन हात लांब झाला होता. चिमट्यात धरलेला तुकडा तिनं त्याच्यासमोर ठेवला. त्यानं जीभ लावली, आत घेतली, पुन्हा लावली. ती वाट पाहत राहिली. एकही कडं निळं झालं नाही. एखाद्या दगडावरून जावं तसा तो त्या तुकड्यावरून सरकत तिच्या हाताकडे आला, आणि तिचं बोट लागताच गळ्यापासून शेपटीपर्यंत निळा झाला.

सहा वर्षं तिला हा रंग जगातला सगळ्यात सुंदर वाटत आला होता. तिनं हात काढून घेतला.

संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला. आवाज खुशीत होता. "ताई, सापडलं! आईच्या घड्याळाचा पट्टा. कधी आणू?"

"निशिगंधा, आधी माझं ऐक. पट्टा आणलास तर पिल्लू त्याच्यावर वाढेल. पण तुझ्या हातात ते निळं होईलच असं नाही. झालं तर थोडंसं होईल. काहींचं होतच नाही."

"पण तुमचा? मी व्हिडिओ पाहिलाय. शेपटीपर्यंत होतो."

"तो माझ्या आईचा नाही. तो माझ्याच कापडावर वाढलाय. मला ठाऊक नव्हतं. काल कळलं."

"मग तुम्ही जे सांगत होता सगळ्यांना ते खोटंच की," निशिगंधा म्हणाली. ती चिडली नव्हती. नुसतं विचारत होती, आणि ते ऐकायला जास्त जड गेलं.

"माझ्याबद्दलचं खोटं होतं. बाकीच्यांबद्दलचं खरं आहे की नाही, ते आता मला पहिल्यापासून बघायला लागेल. तोवर तो पट्टा जपून ठेव. मला देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस."

त्या आठवड्यात तिनं आधीच्या सगळ्या घरांना एकेक करून फोन केले. काहींनी शिव्या दिल्या. सटाण्याचे एक आजोबा म्हणाले, "ते राहू द्या हो बाई. आमच्या बाळ्याची दोन कडी होतात निळी. तुमच्या सापाशी काय करायचंय आम्हाला?"

*

अस्तराचा राहिलेला भाग प्रयोगशाळेत पाठवता आला असता. पण प्रयोगशाळा वासात काय आहे ते सांगते, वास कुणाचा आहे ते सांगायला तुलनेसाठी दुसरा नमुना लागतो, आणि आईचा दुसरा नमुना जगात नव्हता. उरला होता तो एकच उपाय.

नुकतंच अंड्याबाहेर आलेलं, अजून एकही कात न टाकलेलं निळाईचं एक पिल्लू तिनं निवडलं. स्वच्छ धुतलेल्या डब्यात अस्तराचा तुकडा ठेवला. डबा सगळ्यांपासून लांब, औषधांच्या खोलीत, एकटा. उंदराचं पिल्लू चिमट्यानं द्यायचं, पाणी हातमोजे घालून बदलायचं, तोंडाला मास्क लावून. तिच्याशिवाय त्या खोलीत कुणी जायचं नाही. विलासनी एकदा विचारलं, "हेल्मेट दिसत नाही शेडमध्ये?" तिनं सांगितलं, मी घेतलंय. ते काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून मागे फिरले. त्या दिवसांत दोघांत जेवण वाढलंय आणि वीज गेलीय एवढंच बोलणं होत होतं.

त्या दिवसांत तिला फसवणुकीचा राग थोडा कमी आणि भूक जास्त होती. आईचा वास शिल्लक होता. वडिलांनी खोटं सांगितलं होतं तेही कदाचित खरंच होतं, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. तुझ्यात तिचा वास आहे. दोन कडी तरी निळी होतील. तिला दोन पुरली असती. सटाण्याच्या आजोबांना पुरत होती.

पिल्लाचे डोळे दुधाळ झाले, मग निवळले, आणि एका सकाळी डब्यात पातळ कागदासारखी दुसरी कात पडलेली दिसली. ऋजुतानं एका पट्टीवर 'आई' लिहून ती डब्याला चिकटवली. हात साध्या पाण्यानं धुतले, बिनवासाच्या कापडानं पुसले, आणि बाजूनं, तळाला टेकवून आत नेले.

पिल्लू मागे सरलं. शेपटी थरथरवली. मग जीभ बाहेर आली आणि तिच्या तर्जनीला लागली. पुन्हा. पुन्हा.

गळ्याजवळचं पहिलं कडं निळं झालं. मग दुसरं. तिसऱ्यावर रंग अडखळला, कडेला थोडा चढला आणि थांबला.

ऋजुता तशीच उभी राहिली. रडायला आलं नाही. गेल्या सहा वर्षांत ती ज्या पुराव्याचं नाव घेत आली होती, तो आता तिच्या हातावर होता. अर्धवट, अडखळता, सगळ्यांच्यासारखा, आणि म्हणून खरा. तिला एकदम कुणालातरी सांगावंसं वाटलं. त्या घरात सांगायला एकच माणूस होतं.

"पप्पा!" तिनं हाक मारली. "पप्पा, इकडे या."

विलास दाराशी आले. आत आले नाहीत.

"बघा," ती म्हणाली. "खरं होतं. तुम्ही खोटं बोललात, पण ते खरं होतं. हेल्मेटच्या अस्तरावर वाढवलंय मी याला."

त्यांनी निळ्या कड्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला नाही.

"छान झालं," ते म्हणाले. "ठेव आता आत. थकेल ते."

"फोटो काढायचाय. जरा धरा ना."

"नको. मला नको देऊस."

अपराधी वाटतंय म्हणून म्हणताहेत, असं तिला वाटलं. इतक्या दिवसांनी तिला त्यांची कीव आली. "धरा हो," ती म्हणाली. "झालं ते झालं. आईचंच आहे ते. घ्या."

तिनं आपले हात त्यांच्या हातांना लावले आणि पिल्लू सरकत पलीकडे गेलं.

त्याला जीभ दोनदा काढायलाही लागली नाही. तिसरं कडं भरलं. चौथं, पाचवं. निळा रंग अर्ध्या अंगावर आला, तिथं थांबला नाही, पुढे गेला, आणि शेपटीच्या टोकापर्यंत एकही पांढरं कडं उरलं नाही. विलासच्या जाडजूड, पेन्सिलीच्या शिशाचे डाग पडलेल्या बोटांवर पिल्लू अंग टाकून पडलं.

ऋजुतानं वर धरलेला फोन खाली घेतला. शेडमधला खिळा तिला दिसला. कोळ्याचं जाळं असलेलं काळं हेल्मेट, आणि धूळ नसलेलं मरून.

"तुम्ही घालत होता," ती म्हणाली.

"बाजारात जाताना. कधीतरी." ते पिल्लाकडेच बघत होते. "आत डोकं घातलं की तिचा वास यायचा."

"किती दिवसांपासून?"

"ती गेल्यापासून."

"अजून येतो?"

त्यांनी मान हलवली. "पहिल्या वर्षानंतर यायचा बंद झाला. तरी घालायचो. वाटायचं, एखाद दिवशी येईल."

तिच्या हातावर निळी झालेली दोन कडीसुद्धा त्यांचीच होती. तिच्यात तिच्या वडिलांचा वास होता. तेवढं शास्त्र खरं निघालं होतं.

"ठेवा त्याला आत," ऋजुता म्हणाली.

विलासनी हात डब्यात नेला, बाजूनं, तळाला टेकवून, आयुष्यभर नेत आले तसा. पिल्लू उतरेना. त्यांनी बोटं सैल सोडली तरी ते मनगटाभोवती वेढा घालून तसंच राहिलं, निळं, घरी पोचलेलं.

ऋजुतानं डब्यावरची 'आई' लिहिलेली पट्टी नखानं सोडवली. ती दुसरीकडे कुठं लावावी हे तिला सुचेना, आणि पट्टी तिच्या बोटालाच चिकटून राहिली.